पुढचं पान कुठलं, रघू?

रघू,

तुझं दिवसकार्य आटोपलं, आलेगेले आपापल्या वाटेला लागले, आणि मी बाजारपेठेतल्या आपल्या माळ्यावरच्या खोलीचं कुलूप उघडलं. तू तिला 'हापीस' म्हणायचास, मी खोली म्हणायचे. हा आपल्यातला सर्वांत जुना वाद, आणि तो आता माझ्या बाजूने सुटला असं मी धरून चालते. तू कसा गेलास ते इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय, आणि त्यातलं काही तुला नव्याने सांगण्यासारखं नाही. मला तुझ्याशी कामाचं बोलायचं आहे.

तुझ्या कीबोर्डवर फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचं तेल अजून आहे. मी ते पुसलेलं नाही. त्यात हळवेपणा वगैरे शोधू नकोस. ज्याचा कीबोर्ड त्याने पुसायचा हा नियम तूच केला होतास आणि एकदाही पाळला नाहीस. आता मी पुसला तर तुझा आळस मी पोटात घातला असं होईल, आणि ते मला मान्य नाही.

आपण नेमकं काय करतो हे आपल्या माणसांना कधी नीट सांगता आलं नाही. पुण्याची एक कंपनी शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर करते. मासळीची कोल्डरूम असो, आंब्याच्या रसाचा साठा असो की दुधाची थंड टाकी, जिथे थंडी राखायची तिथे ते तापमानावर नजर ठेवतं आणि आकडा चढला की अलार्म वाजवतं. ते वापरायचं कसं, बिघडलं तर करायचं काय, याची मदतीची पानं इंटरनेटवर असतात. ती मराठीत लिहायची आणि नीट लावून ठेवायची हे आपलं काम. तुझ्या आईला तू सांगितलं होतंस की माणूस अडला की जे पुस्तक उघडतो ते आम्ही लिहितो. त्यावर ती म्हणाली होती, मग अडायच्या आधीच वाचायला सांगा की त्यांना. इतकी वर्षं झाली, तिच्यापेक्षा चांगली सूचना कंपनीतल्या कुणी केलेली नाही.

पण माणसं अडायच्या आधी वाचत नाहीत. अडल्यावर फोनवर काहीतरी शोधतात आणि मधल्याच कुठल्या तरी पानावर येऊन आदळतात. आजूबाजूला काय आहे, आपण कुठल्या प्रकरणात आहोत, याच्या आधी काय वाचायला हवं होतं, काही पत्ता नसतो. तुला हेच सलायचं. मी वाक्यं घासूनपुसून लख्ख करत बसायचे, आणि तू म्हणायचास की वाक्य कितीही चांगलं असलं तरी माणूस भलत्याच घरात शिरला असेल तर त्याला चहा देऊन उपयोग काय.

म्हणून तू त्या लिंकांच्या मागे लागलास. एचटीएमएलमध्ये, म्हणजे इंटरनेटची पानं ज्या भाषेत लिहितात तिच्यात, पानाला एक डोकं असतं, वाचणाऱ्याला न दिसणारं. तिथे लिंकचा प्रकार सांगता येतो. याच्या पुढचं पान अमुक, मागचं तमुक, अनुक्रमणिका इथे, शब्दसूची तिथे, मदत हवी तर ह्या ठिकाणी. नुसतं बोट दाखवायचं नाही, बोट दाखवलेल्या पानाशी आपलं नातं काय तेही सांगायचं. पूर्वी काही ब्राउझर हे डोकं वाचून वर एक पट्टी दाखवायचे, पुढे त्यांनी ते सोडून दिलं. नव्या नियमावलीतून अनुक्रमणिका आणि शब्दसूची हे प्रकारही गळले. मला वाटलं होतं आता तरी तू गप्प बसशील. तू तर बसून एक छोटा प्रोग्राम लिहिलास, जो प्रत्येक पानाचं डोकं वाचतो आणि खाली आपली पट्टी काढतो: मागे, पुढे, अनुक्रम, शब्द, मदत. मी विचारलं, जे जगाने टाकलं ते तू कशाला उचलतोस? तू चष्मा शर्टाला पुसत शांतपणे म्हणालास, "नियमातसून काढल्यानी म्हणान वाट बुजणा नाय गो सुमा."

आणि त्या पट्टीत तू एक गंमत करून ठेवलीस, ती पुण्यात कुणाला कळलीसुद्धा नाही. माणूस एक पान वाचत असताना तुझा प्रोग्राम गुपचूप 'पुढे' म्हणून नेमलेलं पान फोनमध्ये आणून ठेवतो. आपल्याकडे रेंज कधी जाईल त्याचा नेम नाही. घाट चढताना जाते, वीज गेली की जाते, वारा सुटला तरी जाते. तेव्हा सगळं इंटरनेट बुडालं तरी एक पान हाताशी असतं, ज्याला तू पुढचं म्हटलंयस ते.

नवीन पान लावलं की तू ते पुस्तक उलटं वाचायचास. शेवटच्या पानापासून फक्त 'मागे' दाबत दाबत पहिल्यापर्यंत यायचं. मला त्याचा वैताग यायचा, कारण तेवढ्यात माझा डबा खाऊन व्हायचा आणि तू अजून मधल्याच कुठल्या तरी प्रकरणात घुटमळत असायचास. पण वाट कुठे तुटलीय ते उलटं चालल्यावरच सापडायचं, हे मी तुझ्याकडूनच शिकले. आता मी तसंच वाचते. वैताग तेवढाच येतो.

आता मुद्द्याचं. तू गेल्यावर थोड्याच दिवसांत पुण्याहून अस्मिताचा मेल आला. कंपनीतलं मदतीच्या पानांचं खातं तीच बघते, तुला ठाऊक आहे. आधी दोन ओळी तुझ्याबद्दल होत्या, मनापासूनच्या. मग काम. सगळी पानं नव्या ठिकाणी हलवायची आहेत. तिथे एक मोठी शोधपेटी असेल, वाचणाऱ्याने प्रश्न टाकायचा, उत्तर समोर येईल. पानांच्या डोक्यातल्या लिंका तिथे चालत नाहीत, तर त्या काढून टाकाव्यात. नाहीतरी त्या कोण वापरतं, आणि रघुनाथ नसताना आता त्या सांभाळणार कोण? महिनाअखेरीपर्यंत माझं उत्तर हवं होतं.

मला राग आला. तिचा कमी आणि तुझा जास्त, कारण ह्या भांडणात पुढे तू उभा राहायचास आणि मी मागून टोमणे मारायचे, अशी आपली वाटणी होती. आता दोन्ही कामं माझ्याच गळ्यात. तुझं सगळं काम त्या दिसत नसलेल्या ओळींमध्ये आहे. पानांवरची वाक्यं माझी, पानांमधल्या वाटा तुझ्या. मी हो म्हटलं असतं तर माझं सगळं शाबूत राहिलं असतं आणि तुझं एकही अक्षर उरलं नसतं. कुणाला कळलंही नसतं.

अस्मिताला हे पटवणं सोपं नव्हतं, कारण ती मूर्ख नाही. तिला वाटा कळत नाहीत एवढंच. आठवतं, ती पहिल्यांदा मालवणला आली होती आणि तू हट्टाने तिला आचऱ्याच्या अलीकडे तुझ्या गावी जेवायला बोलावलं होतंस? मी तिच्याबरोबर होते, पण तू मला बजावलं होतंस की तोंड उघडायचं नाही, तिला स्वतः विचारत येऊ दे. एसटीच्या थांब्यावर तिने तुझ्या घराचा पत्ता विचारला. दुकानदाराने सांगितलं, त्या वडापर्यंत जावा, फुडे कोणाक तरी विचारा. तिने विचारलं, वडाच्या पुढे कसं? तो म्हणाला, ता थंय सांगतले. तिला वाटलं माणूस टाळतोय. वडाजवळच्या बाईने वहाळाच्या पाण्यापर्यंत सांगितलं आणि तिथे थांबवलं. वहाळापाशी एका म्हाताऱ्याने आधी ती कोणाकडे चाललीय, कुठून आली, पुण्यात पाऊस कसा आहे ते विचारून घेतलं, आणि मग फक्त एका घराच्या दगडी गडग्यापर्यंतची वाट सांगितली. सबंध रस्ता एकानेही सांगितला नाही. अस्मिता घामाघूम होऊन तुझ्या घरासमोरच्या खळ्यात पोचली ती चिडूनच.

तू तिला पाणी दिलंस आणि विचारलंस, चुकलात का कुठे? ती म्हणाली, चुकले नाही, पण कुणालाच पूर्ण रस्ता माहीत नाही असं कसं? मग तू तिला जे सांगितलंस ते मी विसरलेले नाही. सगळ्यांना पूर्ण रस्ता माहीत आहे, पण तो एकदम सांगितला तर नवा माणूस तिसऱ्या वळणावर गोंधळतो, म्हणून ज्याने त्याने आपल्यापुढची एक वाट सांगायची. आणि सांगून घरात जायचं नाही, माणूस बरोबर वळेपर्यंत तिथेच उभं राहायचं, चुकीचा वळला तर हाक मारायची. तू तिला मागे वळून बघायला लावलंस. तो म्हातारा खरोखरच वहाळापलीकडे डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून उभा होता. ती तुझ्या पायरीवर टेकली तेव्हा कुठे तो वळला. तू म्हणालास, आमच्या पानांच्या डोक्यात हेच लिहिलेलं असतं. अस्मिता हसली, सोलकढी दोनदा मागून घेतली, आणि पुण्याला जाऊन विसरली.

आता आपला खरा वाद. तो अर्धा राहिला म्हणून मला तू जास्त आठवतोस, नाहीतर कदाचित नुसतं रडून मोकळी झाले असते.

'अलार्म वाजला' हे आपलं सगळ्यांत जास्त उघडलं जाणारं पान. कंपनीचा आग्रह असा की पानांचा क्रम सॉफ्टवेअरच्या मेनूप्रमाणे हवा. मेनूत अलार्मच्या खाली आवाजाची सोय आहे, म्हणून 'अलार्म वाजला'च्या पुढचं पान होतं 'अलार्मचा आवाज बदलणे'. देवगडच्या एका रसवाल्याकडे आकडा चढायला लागला, त्याने ते पान उघडलं, खाली 'पुढे' लिहिलेलं बघून दाबलं, आणि आपण त्याला घंटेचा आवाज कोकिळेसारखा कसा करायचा ते शिकवलं. तो चिडायला हवा होता. त्याने शिस्तीत आवाज बदलला, मग परत 'पुढे' दाबलं, आणि तसा निम्मं प्रकरण चालून गेला. फोनवर तुला म्हणाला, तुम्हीच सांगितलात म्हणून केलं. पुण्यातला माणूस अशा वेळी पान बंद करून दुसरं काही शोधतो. आपल्याकडे पुढे जा म्हणणाऱ्यावर माणूस भरवसा टाकतो, कारण आपल्याकडे तो भरवसा रोज कामाला येतो. त्याचा रस वाचला तो शेजाऱ्यामुळे, आपल्यामुळे नाही.

मी त्या दिवशी म्हटलं की आत्ताच्या आत्ता त्या पानाचं 'पुढे' बदल आणि 'तापमान चढत असेल तर' ह्या पानाकडे लाव. ते पान मी जीव ओतून लिहिलं होतं आणि ते कुठेतरी मागच्या प्रकरणात धूळ खात पडलं होतं. तू नाही म्हणालास. तुझं म्हणणं, 'पुढे' म्हणजे पुस्तकातलं पुढचं पान, माणसाला आत्ता काय हवंय त्याचा अंदाज नव्हे. 'पुढे'ने तिकडे उडी मारली तर तिथून 'मागे' दाबल्यावर माणूस भलत्याच पानावर जाईल, कारण त्या पानाच्या मागे वेगळंच पान आहे. जिथून आलो तिथे परत जाता आलं नाही की माणूस घाबरतो. मी म्हटलं, टाकी तापलेली असताना माणूस परत जायला येत नाही. तू म्हटलंस, घाबरलेलाच माणूस परत जातो. दोघंही खरं बोलत होतो, म्हणून तर भांडण इतके महिने टिकलं.

त्या भांडणात किती काय काय शिरलं. तू मला म्हणालास की मी प्रत्येक वाचणाऱ्याच्या जागी स्वतःला बसवते. मी तुला म्हणाले की तू पुस्तकावर माणसांपेक्षा जास्त प्रेम करतोस. शब्दसूचीत तुला 'लाईट गेली' हवं होतं आणि मला 'वीजपुरवठा खंडित झाल्यास', त्यावरूनही आपण एकमेकांवर तोंडसुख घेतलं. तिथे मी आजही हरायला तयार नाही. छापील मराठी म्हणजे काही घरचं माजघर नाही.

आणि मग तो शेवटचा फोन. तू घरी होतास, बरं वाटत नाही म्हणालास, आवाज जरा ओढलेला होता. मी अलार्मच्या पानाचं काढणार होते, पण म्हटलं आज नको. तूच काढलंस. म्हणालास, "तुजा म्हणणा माका अजून पटाक नाय हां. पण माका एक सुचलाहा. हापिसात इलंय काय सांगतंय." मी विचारलं, आत्ता सांग ना. तू म्हणालास, दाखवल्याशिवाय कळायचं नाही तुला. मी चिडून फोन ठेवला, अगदी नेहमीसारखा.

काय सुचलं होतं रे? मी तुझा कॉम्प्युटर उघडून बघितला नाही. बघणारही नाही. तू दाखवणार होतास ती गोष्ट तुझ्या पाठीमागे उपसून काढायची मला हौस नाही. आणि खरं सांगू, तिथे काहीच नसलं तर ते मला सोसायचं नाही.

दिवसकार्यानंतर सुजाता वर आली होती. तुझी बायको कधी आपल्या खोलीत यायची नाही, म्हणून मी आधी गांगरले. तिने तुझा फोन माझ्या टेबलावर ठेवला. पट्टीतल्या 'मदत'खाली तुझा नंबर आहे, तो अजून वाजतो. ती म्हणाली, "हो फोन तुज्याकडे रवांदे. लोक गरम झाला म्हणतत, थंड झाला म्हणतत, माका काय कळणा नाय." मग तुझ्या खुर्चीकडे बघत म्हणाली की तू घरी माझ्यावर फार चिडायचास, म्हणजे तू मला फार मानत असणार. तुझ्या बायकोला हे कळलेलं होतं आणि मला तू कधी बोलला नाहीस. मी पण तुला कुठे बोलले? रघू, तुझ्यासारखा माणूस मला ह्या कामात दुसरा भेटला नाही. हे मी आता लिहितेय, तेव्हा तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू गरे पुढे केले असतेस आणि विषय बदलला असतास.

सुजाता गेल्यावर मी पुस्तक तुझ्या पद्धतीने उलटं वाचायला घेतलं, शेवटापासून 'मागे' दाबत. 'तापमान चढत असेल तर' ह्या पानाशी आले, तिथून मागे गेले तर आलं 'तपासणीचं वेळापत्रक'. त्याच्या मागे साफसफाई. मी तशीच थांबले. आपण इतके महिने लिंक बदलायची की नाही यावर भांडत होतो. पुस्तकाचा क्रम बदलायचा हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण तो क्रम कंपनीच्या मेनूचा होता आणि आपण तो दगडावरची रेघ समजत होतो. ते पानच मागच्या प्रकरणातून उचलून अलार्मच्या पाठोपाठ आणून बसवलं तर 'पुढे' माझ्या म्हणण्याप्रमाणे जातं, 'मागे' तुझ्या म्हणण्याप्रमाणे परत येतं, आणि आवाज बदलायचं पान जाऊन सेटिंगच्या रांगेत बसतं, जिथे त्याने कुणाचं नुकसान होत नाही. मग मी सगळंच पुस्तक हलवलं. मेनूचा क्रम मोडला, कामाचा क्रम लावला. माणसाला आधी काय होतं, मग काय होतं, तसा.

तुला हेच सुचलं होतं का? असेलही. तुझं असेल तर मला ते तुझ्याआधी सापडलं नाही याचं वाईट वाटतं, आणि माझं असेल तर तुला दाखवायला मिळालं नाही याचं. पण ते बरोबर आहे. याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

महिनाअखेरीला अस्मिताशी बोलणं झालं. ती पुण्यात, मी इथे, दोघींच्या समोर पडदे. तिने तिची बाजू नीट मांडली. लोक शोधूनच येतात, पुढे-मागे कोण दाबतं, आणि तुम्ही मेनूचा क्रमही मोडलात. मी म्हटलं, तुमचा फोन हातात घ्या. आधी नव्या ठिकाणचं नमुन्याचं 'अलार्म वाजला' पान उघडा, मग आपलं जुनं, मी लावलेलं. उघडलीत? आता फोन विमान मोडवर टाका. समजा, तुम्ही घाटात आहात आणि पाऊस लागलाय. आता शोधपेटीत काहीही शोधा.

ती पेटी फिरत राहिली. मग मी तिला जुन्या पानावर खाली 'पुढे' दाबायला सांगितलं. 'तापमान चढत असेल तर' उघडलं. तिने 'मागे' दाबलं, परत 'पुढे' दाबलं. मग विचारलं, नेट नसताना हे आलं कुठून? तेव्हा मी तिला तुझी ती गंमत सांगितली. ती म्हणाली, हे रघुनाथने आम्हाला कधी सांगितलं का नाही? मी म्हटलं, त्याने तुम्हाला गावातून चालायला लावून सांगितलं होतं. तिला तो म्हातारा आठवला. तिने स्वतःहून विचारलं, तो अजून तसाच उभा राहतो का?

पट्टी राहिली. लिंका राहिल्या, नव्या ठिकाणी त्या कशा बसवायच्या ते त्यांच्या माणसांनी बघायचं ठरलं. सांभाळणार कोण ह्या प्रश्नावर मी माझं नाव दिलं. अस्मिताने एवढंच विचारलं की एकटीला झेपेल का. झेपेल. तुझ्याबरोबर एवढी वर्षं काढली, त्यापुढे हे काही जड नाही.

आणि काल दुपारी तुझा फोन वाजला. आंबोलीच्या दूध केंद्रावरचा महादेव, तिथल्या लँडलाइनवरून बोलत होता. मागे पत्र्यावर असा पाऊस वाजत होता की त्याला ओरडून बोलावं लागत होतं. त्याने विचारलं, "रघूदादा आसा?"

मी म्हटलं मी सुमन, काय झालं ते सांग. लाईट गेली होती, जनरेटर लावला होता, तरी टाकीचा आकडा चढत होता. सकाळचं सगळ्या वाड्यांचं दूध त्या टाकीत होतं. मोबाइलवर आपलं पान उघडलेलं होतं, पण तेवढ्यात नेट गेलं. मी विचारलं, खंयचा पान? तो म्हणाला, अलार्म वाजला. उत्तर मला तोंडपाठ होतं, मी सरळ सांगून टाकू शकले असते. पण तुझी सवय मला लागलीय.

"खाली 'पुढे' आसा, ता दाब," मी म्हटलं.

मग तो म्हणाला, "इला." आणि मोठ्याने वाचायला लागला. लाईट गेली आणि जनरेटर लावला तर टाकीचा कंप्रेसर आपोआप सुरू होत नाही, भिंतीवरचा खटका हाताने वर करावा लागतो. (हो, 'लाईट गेली' असंच लिहिलंय मी शेवटी. फुशारकी मारू नकोस.) त्याने फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मी उभीच राहिले, बसले नाही. तो परत आला आणि म्हणाला आकडा थांबलाय. जरा वेळाने म्हणाला, उतरतोय.

तू नाहीस हे मी त्याला सांगणार होते. आकडा चढत असताना सांगणं बरं नव्हतं, तो उतरल्यावर सांगायचं असं ठरवून मी शब्द जुळवत होते. पण त्याला परत टाकीकडे जायचं होतं, तो घाईत होता.

"बरां झाला," तो म्हणाला. "पानान बरोबर पोचवल्यान, म्हणान रघूदादाक सांग." मी सांगते म्हटलं, आणि त्याने फोन ठेवला.

आता सांगते म्हटलंय तर सांगायला हवं, म्हणून आज सकाळी खोली उघडल्या उघडल्या हे लिहायला बसले. रघू, आंबोलीच्या महादेवाचा तुला निरोप आहे. पानाने त्याला बरोबर पोचवलं, दूध वाचलं.